रानपिंगळा घरी नाही!

दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरात दसऱ्यापासूनच उभा राहतो. फटाके चार दिवसांचे, फराळ आठ दिवसांचा आणि सुट्टी तीन आठवड्यांची! गेल्या वर्षी त्यात आणखी एक प्रश्न आला. माझे वडील, म्हणजे नाना, आमच्याकडे राहावयास आले. आई गेल्यानंतरची ती त्यांची पहिली दिवाळी. लेकीच्या घरी महिनाभर राहणे हे त्यांच्या पिढीला जड जाते. सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते ओट्यावरच्या खुर्चीत बसत आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ बघत राहत. कोणी चहा दिला की घेत. कोणी काही विचारले की 'हो' किंवा 'नाही' म्हणत. चाळीस वर्षे खेडोपाडी हिंडून गुराढोरांना औषधपाणी करणारा हा बोलका माणूस असा मुका झालेला मला पाहवेना.

अशात मुलांनी पुण्याच्या आतेभावाकडे पाहिलेल्या एका खेळाचे खूळ डोक्यात घेतले. 'विंगस्पॅन' त्याचे नाव. एलिझाबेथ हारग्रेव्ह नावाच्या अमेरिकन बाईंनी तो रचला आणि २०१९ साली तो बाजारात आला. एकशे सत्तर पानांवर एकशे सत्तर पक्षी, लाकडी फासे, रंगीत अंडी, असा मोठा सरंजाम. किंमत ऐकून आमचे हे उठून हात धुवायलाच गेले. मीही खेळाचे नियम वाचले. चित्रे फार सुंदर, पण पक्षी सगळे परदेशचे, आणि नियम समजून घेण्यासाठी आणखी एक पदवी हवी!

"आपणच करू की पाखरांचे पत्ते," मी म्हटले. मास्तरीण आहे मी. कागद, कात्री आणि डिंक दिसला की मला स्फूर्ती येते.

वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणी 'नॉट ॲट होम' खेळलेला असेल. मामाच्या गावी, भर दुपारी, माजघरात. एकाने दुसऱ्याजवळ पान मागावे आणि त्याने ऐटीत 'नॉट ॲट होम!' म्हणावे. याचा साहेबी भाऊबंद म्हणजे 'हॅपी फॅमिलीज'. लंडनच्या जॅक्स कंपनीने तो १८५१ साली काढला. चार-चार माणसांची तेरा कुटुंबे, आणि मागितलेला माणूस हातात नसेल तर 'घरी नाही' म्हणायचे. आम्ही तोच सांगाडा घेतला आणि माणसांच्या जागी पाखरे बसवली.

पत्ते कशाचे करायचे? आमचे यावल एके काळी हातकागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होते. तो कागद आता कुठला! आम्ही घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. पत्रिकेचा कागद पुठ्ठ्यासारखा जाड असतो आणि खानदेशात एका हंगामात शंभर पत्रिका सहज येतात. पत्त्याएवढे अठ्ठेचाळीस तुकडे कापले. कोऱ्या बाजूला थोरलीने चित्रे काढली. (ती सातवीत आहे आणि तिचा हात बरा आहे. कावळा तेवढा कोंबडीसारखा झाला.) पण पहिल्याच डावात घोटाळा उघडकीस आला. मागच्या बाजूला कोणाच्या गणपतीची सोंड, कोणाच्या 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' मधले अर्धे 'हं'! धाकटा चौथीतला, पण लबाड. पाठीवरून पान ओळखून बिनचूक मागू लागला. शेवटी सगळ्या पानांच्या पाठीला वह्यांना घालतात तो तपकिरी कागद चिकटवला, रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवले, तेव्हा कुठे पत्ते सरळ झाले. कोणी घरी करणार असेल तर हे आधीच करावे.

आता खेळ सांगते. पाने अठ्ठेचाळीस, घरे बारा. प्रत्येक घरात चार पाखरे. घरे शास्त्राप्रमाणे पाडली पाहिजेत असे नाही. आमची काही शास्त्राची आहेत, काही आमची. घुबडांचे घर: पिंगळा, रानपिंगळा, गव्हाणी घुबड आणि हुमा घुबड. मैनांचे घर: साळुंकी, भांगपाडी, कवडी मैना आणि हिवाळ्यात ज्वारीवर थव्याने उतरणारी गुलाबी भोरडी. खंड्यांचे घर, बगळ्यांचे घर, हतनूरच्या धरणावर थंडीत येणाऱ्या पाहुण्यांचे घर; त्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि परीट. एक घर आम्ही 'कारागीर' म्हणून केले: सुगरण, शिंपी, शिंजीर आणि सुतार. आणि एक घर कोकिळेच्या भाऊबंदांचे: कोकिळ, पावशा, चातक, भारद्वाज. यातले पहिले तिघे आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालून मोकळे होतात. एकटा भारद्वाज स्वतःचे घरटे बांधून स्वतःची पिल्ले वाढवतो. मराठी कवितेने मात्र पहिल्या तिघांना डोक्यावर घेतले आणि भारद्वाजाला शकुनापुरते ठेवले. असो. तो माझ्या तासाचा विषय झाला.

पत्ते पिसून सारखे वाटायचे. चौघे असतील तर प्रत्येकी बारा, सहा असतील तर आठ. आम्ही पाच. प्रत्येकी नऊ आणि तीन पाने उरतात. त्यांचे काय करायचे ते पुढे सांगते, कारण त्यावरूनच मोठे भांडण झाले.

ज्याची पाळी असेल त्याने कोणा एकाचे नाव घेऊन एक पाखरू मागायचे. अट अशी की, त्या घरातले निदान एक पान मागणाऱ्याच्या हातात असले पाहिजे आणि मागितलेले पान स्वतःच्या हातात असता कामा नये. (हा दुसरा नियम आमच्या ह्यांच्यामुळे करावा लागला. ते बँकेत आहेत. स्वतःजवळचा धीवर माझ्याकडे मागून त्यांनी सगळ्यांना दोन फेऱ्या चकवले. मुलांनी ओरडून घर डोक्यावर घेतले.) समोरच्याजवळ पान असेल तर त्याने ते दिलेच पाहिजे, आणि मागणाऱ्याला पुन्हा मागता येते. नसेल तर त्याने 'घरी नाही!' म्हणायचे आणि पाळी त्याच्याकडे जाते. चारही पाखरे जमली की घर खाली मांडायचे. हातची पाने संपली तर पाळी डावीकडच्याला द्यायची. बारा घरे मांडून झाली की डाव संपला. ज्याची घरे अधिक तो जिंकला.

ऐकायला सोपे वाटते, पण सगळी गंमत कान देण्यात आहे. कोणी कोणाजवळ 'पावशा' मागितला, की दोन गोष्टी उघड होतात: मागणाऱ्याजवळ कोकिळेचे घर थोडेबहुत आहे आणि पावशा त्याच्याजवळ नाही. या गोष्टी डोक्यात ठेवून गप्प बसायचे आणि आपली पाळी आली की एकामागून एक पाने उपसायची. माझ्यासारख्या वर्गात सतत बोलणाऱ्या बाईला हे फार कठीण जाते.

आणखी एक नियम मी घातला. माझी मास्तरकी म्हणा. पाखरू मागताना त्याची एक खरी खूण सांगायची. सांगितली नाही किंवा चुकली तर पाळी गेली. एका डावात एक खूण दुसऱ्यांदा चालणार नाही. पहिल्याच वेळी धाकट्याने सांगितले, "साळुंकी. खूण: तिला दोन पंख असतात." मग पोटनियम आला: जी खूण त्या घरातल्या दुसऱ्या पाखरालाही लागू पडते ती खूण नव्हे. वाद झाला तर मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' उघडायचा. २००२ साली निघालेला हा ग्रंथ माझ्या कपाटात आहे. एका पाखराची किती नावे असू शकतात हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो चाळावा. मराठीचा शब्दसंग्रह पुस्तकांतून जितका वाढला त्याहून अधिक रानातून वाढला असेल, असे मला तो चाळताना वाटते.

खुणांचा नियम केला आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावरून आवाज आला, "चूक आहे ते."

मी नुकतीच हातवारे करून सांगत होते, "सुगरण. खूण: ती लोंबता खोपा विणते." आपण बहिणाबाईंच्या मुलखात राहतो, आसोदे इथून काही फार लांब नाही. त्यांच्या सुगरणीच्या गाण्यावर मी दरवर्षी एक तास रंगवते.

"विणतो नर," नाना म्हणाले. "मादी येऊन नुसती पाहून जाते. पसंत पडला तर आतून अस्तर लावते. नाही पडला तर तो बिचारा दुसरा विणायला घेतो."

"पण नाना, कवितेत..."

"कविता तुझी बरोबर असेल. पाखरू माझं बरोबर आहे."

पक्षीकोश उघडला. माझी पाळी गेली. आणि नाना खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसले. धाकटा त्यांना जागा देत म्हणाला, "या भो, पाचवा गडी पाहिजेच होता!" इतके दिवस चौघांत खेळत होतो; आता पाच झालो.

तर आता ती उरलेली तीन पाने. पहिल्या दिवशी आम्ही ती नुसती बाजूला ठेवली. थोरलीने घुबडांची तीन पाने जमवली आणि रानपिंगळा मागत सुटली. नानांजवळ घरी नाही. ह्यांच्याजवळ घरी नाही. माझ्याजवळ नाही, धाकट्याजवळ नाही. तिला वाटले, कोणीतरी लपवतो आहे. रडे फुटायच्या बेतात आले. तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "अगं, तो सापडायचा नाहीच इतक्यात. एकशे तेरा वर्षं सापडला नव्हता."

ही हकीकत मला पुसट ठाऊक होती. नानांनी ती त्या संध्याकाळी सविस्तर सांगितली, आणि मग मीही वाचून पाहिली. ॲलन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली या घुबडाची शास्त्रात नोंद केली. पाखरू त्याला ब्लेविट नावाच्या माणसाने मिळवून दिले होते, म्हणून त्याचे नाव लागले. त्यानंतर १८८० च्या पुढच्या चार वर्षांत जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्याच खानदेशात, शहादे-तळोदे भागात, काही पाखरे मिळवली. १८८४ नंतर कोणाला दिसले नाही. १९१४ साली गुजरातेत मिळाले असे मायनर्ट्झहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी सांगत असे. पण त्याने संग्रहालयातले जुने पाखरू चोरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती, असे पुढे उघडकीस आले. त्याच्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून लोक इतकी वर्षे भलत्याच जागी शोध घेत होते! पामेला रासमुसेन या बाईंनी ही लबाडी ओळखली, खोट्या नोंदी बाजूला सारल्या, आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह त्या खऱ्या जागी आल्या. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात, सकाळच्या उन्हात, एका उघड्या फांदीवर तो बसलेला होता. पुढे तो मेळघाटात सापडला, तोरणमाळला सापडला आणि आमच्या यावल अभयारण्यातही सापडला. हे अभयारण्य १९६९ सालचे. आमच्या ओट्यावरून दिसणारी निळी रेघ म्हणजेच ते.

"आणि खूण काय त्याची?" धाकट्याने विचारले.

"साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर जाड तपकिरी पट्टे, पाय दणकट. आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो."

त्यातूनच नवा नियम निघाला. उरलेली तीन पाने मधोमध पालथी ठेवायची. त्यांना म्हणायचे 'सातपुडा'. आपले पाखरू कोणाच्याच हातात नाही अशी खात्री झाली, तर पाळी आल्यावर मागण्याऐवजी पाखराचे नाव व खूण सांगून सातपुड्यातले एक पान उलटायचे. तेच निघाले तर आपले, आणि पाळी चालू. दुसरे निघाले तर सर्वांना दाखवून पुन्हा तिथेच पालथे घालायचे, आणि पाळी डावीकडे. थोरलीने पहिले पान उलटले, तो राखी बगळा निघाला. पुढच्या फेरीत तिने मधले उलटले आणि इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या काकू काय झाले म्हणून विचारायला आल्या. त्याही मग फराळाची ताटली घेऊन बसल्या आणि सहावा गडी झाल्या. सहांत सातपुडा उरत नाही, म्हणून मुले जरा नाराजच होती.

इथवर सगळी मौज. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. नाना कधीही गिधाड मागत नसत. गिधाडांचेही एक घर आहे: पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे, राजगिधाड आणि पांढरे गिधाड. नानांजवळ दोन-दोन पाने असली तरी ते गप्प बसत. कोणी मागितली तर काढून देत, न पाहता. इतर सर्व पाखरांच्या खुणा सांगणारा माणूस गिधाडाची एकही खूण सांगेना. एकदा डाव केवळ त्यांच्यामुळे अडला, धाकटा चिडला. "नाना, तुम्ही मुद्दाम हरता!"

त्या रात्री मुले झोपल्यावर मी विचारले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, आठवते?"

मला आठवत होती. शाळेतून येताना नाकाला पदर लावून आम्ही मुली पळत असू. बैल टाकला की आकाशात आधी ठिपके दिसत, मग ते घिरट्या घालीत उतरत, चाळीस-पन्नास गिधाडे. संध्याकाळी पाहावे तर नुसता सांगाडा.

"ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला ते औषध हातात आलं. डायक्लोफेनॅक. लंगडा बैल दुसऱ्या दिवशी गाडीला! ताप, सूज, काहीही असो. लोक गाडी पाठवून मला न्यायला यायचे. किती टोचली असतील, हिशेब नाही. जगलेली जगली. मेलेली त्या जागी गेली." ते थांबले. "गिधाडं कमी झाली, हे मला दिसत होतं. मला वाटलं, झाडं तुटली म्हणून. मग एक दिवस पेपरात वाचलं."

पेपरात आले ते असे. पांढऱ्या पाठीचे गिधाड भारतात इतके होते की ते मोजण्याचे कोणाला सुचले नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातले एक उरले. कारण कळता कळेना. रोग म्हणावे तर रोग सापडेना. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली, आणि २००४ साली जगापुढे मांडले की, हे औषध टोचलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. बैलाला ते बरे करते, गिधाडाला मारते. आणि सगळ्याच मेलेल्या जनावरांत ते असण्याचीही गरज नाही. शंभरात एकाहूनही कमी असले तरी एवढा संहार व्हायला पुरे, असा हिशेब निघाला. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध आहे, त्याने गिधाडाला काही होत नाही.

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं, नाना?" मी म्हटले. दुसरे काय म्हणणार? "डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं."

"नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, बैल मेले असते तर लोक मेले असते. खरं आहे तेही." आणि पांघरूण ओढून झोपले. झोपले म्हणजे कूस बदलली.

मुलांना हे सांगावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. गिधाडांची चार पाने काढून घेऊन तिथे पोपट घालावेत असेही मनात आले. ह्यांनी सांगितले, "तू मध्ये पडू नकोस. पत्ते त्यांच्या हातात आहेत."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा डाव. नाना माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पांढऱ्या पाठीचं गिधाड."

सगळे एकदम गप्प. माझ्या हातात ते पान होते.

"खूण?" धाकट्याने विचारले.

"खूण अशी, की मी टोचलेलं औषध ह्याच्या पोटात गेलं, आणि हे मेलं." आणि मग त्यांनी मुलांना सगळे सांगितले. मला सांगितले होते त्याहून थोडक्यात, हातातल्या पानांकडे पाहत. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले. धाकटा कपाळाला आठ्या घालून विचार करीत होता.

"तुम्हाला नक्की माहीत आहे का, तुमच्याच औषधानं मेलं ते?"

"नक्की नाही. पण औषध तेच होतं."

"आणि लांब चोचीचं?"

"तेही त्याच औषधानं मेलं."

"मग ही खूण चालत नाही," धाकटा ठामपणे म्हणाला. "घरातल्या दुसऱ्या पाखराला लागू पडते. आईचा नियम आहे."

मी त्याला डोळ्यांनी दटावणार होते. पण नानांनी त्याच्याकडे पाहिले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना मोकळे हसताना पाहिले. "बरोबर आहे भो. नाही चालत. मग पाळी गेली का माझी?"

"एक वेळ माफ," धाकटा म्हणाला. "दुसरी सांगा."

"कमरेवर पांढरा पट्टा. बसलेलं असताना नीट दिसत नाही. उडताना वळलं की पाठ दिसते, तेव्हा चमकतो."

मी पान दिले. नाना लगेच धाकट्याकडे वळले. "आता तुझ्याजवळचं पांढरं गिधाड दे. खूण: तोंड पिवळं, शेपूट पाचरीसारखी."

"तुम्हाला कसं कळलं माझ्याजवळ आहे ते?"

"काल तू राजगिधाड मागितलंस, परवाही मागितलंस. आजही ह्यांच्याजवळ मागून पाहिलंस. ज्याच्याजवळ घरातलं एकही पान नाही तो कशाला मागेल? बाकीचे तिघे माझ्या हातात आहेत."

धाकट्याने कुरकुरत पान दिले. नानांनी गिधाडांचे घर खाली मांडले. चारही पाने सारखी करून, एकाशेजारी एक. त्या डावात त्यांची तीन घरे झाली, थोरलीची पाच, माझे एक. धाकट्याची दोन झाली. पण त्याने मोजणी मान्य केली नाही, म्हणून पाने पुन्हा पिसावी लागली.